कोल्हापूर सोडून जर्मनीला राहायला जाताय? बॅग भरायच्या आधी हे वाचा

गेल्या महिन्यात उद्यमनगरात मित्राच्या मशीन शॉपवर बसलो होतो, चहा आला आणि चहाच्या मागोमाग शेजारच्या शेडमधल्या काकांचा पोरगा आला. "दादा, स्टुटगार्टची ऑफर आलीय, काय काय न्यायचं तेवढं सांगा की." दर पंधरा दिवसाला कोणतरी असं विचारतंयच. मी तिथं २०१८ ते २०२४ राहिलो, काम कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, क्वालिटीचं, त्याआधी शिरोली एमआयडीसीत आठ वर्षं तेच केलेलं, आता परत कोल्हापुरात आहे. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच बसून लिहून काढतोय. सांगतोय ते जर्मनीचं, त्यातही स्टुटगार्टच्या बाजूचं. दुबई-अमेरिकेला जाणाऱ्यांनी कागदपत्रं सोडून बाकीचं घ्यावं.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. कोल्हापुरात भाड्यानं घर घेतलं की संध्याकाळपर्यंत समोरच्या काकू दारात. गाव कुठलं, पाहुणे कोण, लग्न झालंय का, दूध कुणाकडनं लावलंय. डोकं उठतं आपलं. पण त्याच चौकशीत गॅस, कामवाल्या मावशी, डॉक्टर, प्लंबर, सगळं आपोआप होऊन जातं, आपल्याला मागायलाच लागत नाही. तिकडं कोणी नाक खुपसत नाही, पहिले पंधरा दिवस लै भारी वाटतं, स्वर्ग. मग कळतं की नाक खुपसत नाही म्हणजे मदतीलाही कोणी आपण होऊन येत नाही. माणसं वाईट नाहीत हां, उलट विचारलं की अर्धा तास उभं राहून समजावून सांगतात. पण विचारावं लागतं. आपल्याला विचारायची सवय नाही, आपल्याला सांगितलं जायची सवय आहे. खाली जे काही लिहिलंय त्यातल्या अर्ध्या ठेचा ह्याच एका गोष्टीमुळं लागलेल्या आहेत.

निघायच्या आधीचे कागद

पासपोर्टसाठी आता पुण्याला जायला लागत नाही, कोल्हापुरातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. खरी भानगड असते नावाची. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, डिग्रीवर वडलांचं नाव मधे, एका ठिकाणी स्पेलिंगमध्ये डबल ए. आपल्याकडं साहेब म्हणतो "चालतंय", तिकडचा माणूस म्हणतो ही दोन वेगवेगळी माणसं आहेत. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हा त्रास जास्त. म्हणून निघायच्या सहा महिने आधी सगळे कागद टेबलावर मांडा आणि एकाच नावावर आणा. बायको-मुलं मागून येणार असतील तर मॅरेज सर्टिफिकेट आणि मुलांचे जन्मदाखले इंग्रजीतले काढून ठेवा, लग्नाचा अल्बम पुरावा म्हणून चालत नाही (एकानं खरंच नेला होता).

डिग्रीचं म्हणाल तर अनाबिन नावाची जर्मन सरकारची साइट आहे, तिथं आपलं विद्यापीठ आणि आपली डिग्री मान्य आहे का ते शोधायचं आणि त्या पानाची प्रिंट काढून व्हिसाच्या फाइलला लावायची. ब्लू कार्डला, म्हणजे डिग्रीवाल्यांच्या नोकरीच्या परवान्याला, पगाराची अट असते, ती दर वर्षी बदलते, तर गेल्या वर्षी गेलेल्या मित्राचा आकडा धरून बसू नका. शिकायला जाणाऱ्यांना ब्लॉक्ड अकाउंट लागतं, २०२४ च्या सप्टेंबरपासून तो आकडा वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२ च काढता येतात. ते पैसे एजंटची फी नाहीत, तुमचेच आहेत, तुमच्याच खात्यात राहतात. कुणी "माझ्याकडं द्या, मी भरतो" म्हणाला की चहा संपवून उठायचं.

भाषा. ऑफिसात इंग्रजी चालतं हे खरं आहे, पण घरमालक, दवाखाना, नगरपालिकेचं ऑफिस, पार्सलवाला ह्यातलं कोण इंग्रजी बोलेल ह्याची खात्री नाही. जर्मन ए-टू पर्यंत, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत, इथूनच करून जा. तिथं गेल्यावर करू म्हणणारे कधीच करत नाहीत, मी त्यातलाच, दोन वर्षं वाया घालवली.

आणि दात. हसू नका. जायच्या आधी दाताच्या डॉक्टरकडं जाऊन सगळी किडकी-बिडकी कामं संपवा आणि चष्म्याच्या दोन जोड्या करून घ्या.

बॅग

आता हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा. माझी आई आणि मोठी काकू मिळून २३ किलोच्या बॅगेत ३१ किलो भरून बसल्या होत्या.

पहिलं म्हणजे सुकं खोबरं. खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून बंदी आहे. मुंबई एअरपोर्टवर रात्री दोन वाजता बॅग उघडून वाट्या काढायला लावल्या की काय वाटतं ते मला विचारा. मी नंतर खोबरं कांदा-लसूण चटणीत कुटूनच नेलं, ते कधी कुणी अडवलं नाही. चटणी नेताना प्लास्टिकच्या दोन पिशव्या, वर डबा, डब्याला टेप, वर जुना टॉवेल. आणि चटणी हातातल्या बॅगेत घेऊ नका, तिखट तिथं चालत नाही. पॉवर बँकचं उलटं, ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनला नाही.

दुसरं, दूध आणि मांस. युरोपियन युनियनमध्ये बाहेरनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यात पेढे आले, बर्फी आली, घरचं तूपही आलं. आईला हे पटवणं व्हिसापेक्षा अवघड. ताजा कढीपत्ताही नको, ताज्या भाज्या-पाल्याला वेगळं सर्टिफिकेट लागतं. गूळ न्या, बिनधास्त न्या, मार्केट यार्डातली ढेप जरा कोरडी बघून घ्या, तिथं मिळतो तो गूळ बघून रडू येतं.

कुकर न्या, पण खालनं सपाट बुडाचा. तिथं बहुतेक घरात काचेची इलेक्ट्रिक शेगडी असते, आपला खोलगट तवा त्याच्यावर डोलतो आणि पोळी मधेच करपते. दोन बारीक पिनांचा आपला मोबाईल चार्जर तिथल्या सॉकेटात जातो, मिक्सरचा तीन पिनांचा जात नाही, अडॅप्टर लागतो. व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, त्यामुळं मिक्सर चालतो, आणि मिक्सर न्याच. औषधं चालू असतील तर डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या आणि तीन महिने पुरतील एवढीच न्या.

डाळ-तांदळानं बॅग भरू नका. तांबड्या रश्श्याला मटण टर्किश दुकानात मिळतं, फक्त ते मेंढीच्या कोकराचं, बोकडाचं नशिबानंच मिळतं. भेंडी, कोथिंबीर, पुदिना, हरभरे, डाळी सगळं त्याच दुकानात. त्या दुकानदाराशी दोस्ती करा, तो एकटाच माणूस असा आहे जो आपण होऊन "कुठून आलास, लग्न झालंय का" विचारतो.

पहिला महिना: घर, नोंदणी आणि लेटरबॉक्स

क्रम असा आहे. घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा, त्याला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक फॉर्म लागतो, करारपत्र दाखवून भागत नाही. नोंदणी झाली की काही दिवसांनी टॅक्स नंबर पोस्टानं घरी येतो, तो ऑफिसला द्यायचा, नाहीतर पहिल्या पगारातनं टॅक्स भरमसाट कापतात. बँक, इन्शुरन्स, रेसिडेन्स कार्ड, सगळं त्या पत्त्यावर अडकलेलं. आणि प्रत्येक गोष्टीला टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट. हा शब्द विमानातच पाठ करा. उगाच आत डोकावून "साहेब आहेत का" हा प्रकार नाही.

माझं काय झालं सांगतो. नोंदणी केली, बँकेत खातं काढलं, कार्ड येणार म्हणून बसलो. एक आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे. टॅक्स नंबरही नाही, कार्डही नाही, हातातले युरो संपत आलेले. शेवटी ऑफिसातल्या एकाला विचारलं तर त्यानं पहिला प्रश्न केला, लेटरबॉक्सवर तुझं नाव आहे का? नव्हतं. माझ्या आधीच्या भाडेकरूचंच नाव होतं. तिथं फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो, आडनाव नसलं की पत्र परत. माझी सगळी पत्रं परत गेली होती. महाद्वार रोडवर पोस्टमनला अर्धवट पत्ता असला तरी तो "कोण ओ, ते उंच पोरगं का" म्हणून आणून देतो, आणि इथं घरात मी बसलोय, बाहेर माझं पत्र आलंय, आणि नाव नाही म्हणून ते परत चाललंय. घराची चावी मिळाली त्या दिवशी आधी बेलवर आणि लेटरबॉक्सवर नावाची पट्टी लावा, मग जेवा.

घर शोधताना जाहिरातीत दोन भाडी दिसतील. काल्टमीटे म्हणजे नुसतं घराचं, वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा ह्या दोन्हीच्या बाहेर. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढं घेता येतं, कायदाच आहे. वर्षाच्या शेवटी हीटिंग-पाण्याचा हिशोब येतो, जास्त वापरलं तर वर भरायला लागतं, तर थंडी वाजतेय म्हणून खिडकी उघडी ठेवून हीटर फुल्ल करू नका. पण खिडकी दिवसातनं दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं सताड उघडायचीच, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि ती डिपॉझिटमधनं कापतात. घर न बघता आधी पैसे पाठवायला सांगणारा घरमालक हा शंभर टक्के चोर समजा.

अजून एक धक्का. बरीच घरं किचनशिवाय भाड्यानं देतात. म्हणजे ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतनं दोन पाइप बाहेर आलेत आणि छताला बल्बच्या जागी वायरी लोंबतायत. आधीचा भाडेकरू किचन उचकटून घेऊन गेलेला असतो. जाहिरातीत किचन आहे का ते विचारा. विचारा म्हणजे विचाराच.

टीव्ही नसला तरी टीव्ही-रेडिओची फी दर घराला महिन्याला १८.३६ युरो भरायला लागते. नोंदणी झाली की पत्र येतंच, जाहिरात समजून फेकू नका. पत्रं फेकायचीच नाहीत, एक जाड फाइल आणा, भोकं पाडायचं मशीन आणा आणि प्रत्येक कागद त्यात लावा. आमच्या तलाठ्यालाही लाजवेल एवढा कागद आहे त्या देशात.

प्रवासाला डॉइचलांडटिकेट नावाचा महिन्याचा पास घ्या, २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोला सुरू झालं, आता ६३ झालंय, तरी देशभरच्या लोकल ट्रेन, ट्राम, बस सगळं त्यात येतं. हळूहळू जाणारी गाडीच हां, फास्ट आयसीई नाही. आणि ते दर महिन्याला आपोआप रिन्यू होतं, बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत. आपलं लायसन्स तिथं राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा. कावळा नाक्याला गाडी चालवलेली आहे एवढं सांगून भागत नाही.

शेजारीपाजारी

स्टुटगार्टच्या भागात एक प्रथा आहे, केरवोखे. केर म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. म्हणजे शब्दशः केर काढायचा आठवडा, आपला केर आणि त्यांचा केर ऐकायला एकच, मला तर पहिल्यांदा ऐकून वाटलं कोणतरी मराठीच बोलतंय. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकवतात आणि त्या आठवड्यात त्यानं जिना, पॅसेज, कधी कधी फुटपाथसुद्धा झाडायचा. थंडीत बर्फही काढायला लागतो. इंजिनीअर असा, डॉक्टर असा, सुटका नाही.

माझ्या दाराला ती पाटी पहिल्यांदा लागली तेव्हा मला वाटलं घरमालकानं नियमांचं काहीतरी लावलंय. आठवडा गेला. मग बेल वाजली, खालच्या मजल्यावरच्या सत्तरीतल्या आजी. मी आदल्या रात्री तांबडा रस्सा केलेला, त्यामुळं वाटलं वासाची तक्रार घेऊन आल्या. त्यांनी पाटीकडं बोट केलं. मी माझ्या तुटक्या जर्मनमध्ये माफी मागितली आणि म्हणलं कसं करायचं ते दाखवता का. झालं. आजींनी बादली, पोछा, कुठला साबण, जिन्याचा कोपरा कसा, सगळं करून दाखवलं. मी म्हणलं या की आत, चहा घेऊन जावा. तर म्हणाल्या, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी, साडेतीनला. मला हसूच आलं, चहाला पंधरा दिवसांचं वेटिंग. पण त्या गुरुवारी बरोबर साडेतीनला हजर, हातात केक, आणि बरोबर साडेचारला उठल्या. त्या एका तासात हीटिंगचं बिल कसं वाचायचं, कुठला डॉक्टर नवीन पेशंट घेतो, तळघरातली माझी खोली कुठली (मला खोली आहे हेच माहीत नव्हतं!) सगळं कळलं.

रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद, खरंच बंद, तर शनिवारी दूध-ब्रेड आणून ठेवायचं. रविवारी ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्या सार्वजनिक डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, त्यात मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या दोन्ही आल्या. कचऱ्याचे चार रंगांचे डबे असतात, कशात काय टाकायचं तो तक्ता फ्रीजला चिकटवा. पाण्याच्या-कोकच्या प्लास्टिक बाटलीचे २५ सेंट जास्तीचे घेतात, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनला दिली की परत मिळतात. नळाचं पाणी पिता येतं, पण ते पटायला मला वर्ष लागलं.

फोडणीचं मात्र जपून. घरात स्मोक अलार्म असतोच. मोहरी तडतडली की खिडकी उघडी, किचनचं दार बंद, एवढं पाळलं की भागतं. पांढरा रस्सा केलात तर काही होत नाही, तांबड्याला अलार्म ठणाणा करतो, अनुभव आहे.

तू, तुम्ही, हो, नाही

जर्मनमध्ये तू आणि तुम्ही वेगळं असतं, ह्यात आपण इंग्रजीवाल्यांच्या पुढं, आपल्या अंगातच आहे ते. अनोळखी माणसाला, ऑफिसातल्या साहेबाला, शेजाऱ्याला झी, म्हणजे तुम्ही. त्यांनी आपण होऊन सांगितलं की डू, म्हणजे तू. वयानं मोठ्यानं आधी सांगायचं असतं. आजींनी मला चार वर्षांनी सांगितलं.

क्लासमध्ये शिकलेलं जर्मन ऐकू येईल ह्या भ्रमात राहू नका. स्टुटगार्टला श्वाबिश बोलतात, ती म्हणजे त्यांची कोल्हापुरी. सदाशिव पेठेतनं शिकून आलेल्या पाहुण्याला गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं केलं तर जे होईल तेच माझं झालं. प्रत्येक शब्दाला 'ले' लावतात, घराला हॉइस्ले. खायलाही त्यांचा एक पदार्थ आहे, मसूरासारख्या डाळीत घरची जाडसर शेवई, लिन्झन मिट श्पेट्झले, बाजूला सॉसेज. सॉसेज बाजूला सारलं तर आपल्या चकोल्याच त्या. वरनं थोडी चटणी टाकली की विषय संपला.

ऑफिसचं सगळ्यात महत्त्वाचं: आपलं "हो". आपण हो म्हणतो त्याचा अर्थ बऱ्याचदा "ऐकलं" असा असतो. तिकडं हो म्हणजे तारीख दिली. माझा साहेब मीटिंगमध्ये म्हणाला की हा रिपोर्ट १५ तारखेपर्यंत होईल का, मला माहीत होतं की सॅम्पलच १२ ला येणार आहेत, तरी सवयीनं हो म्हणालो, बघू पुढचं पुढं. १५ ला झाला नाही. तो ओरडला नाही, चिडलासुद्धा नाही, फक्त शांतपणे विचारलं की तुला माहीत होतं तर तेव्हाच नाही का म्हणाला नाहीस. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर मी नाही म्हणायला शिकलो. आणि गंमत म्हणजे आपल्याला ते जमतं, कोल्हापूरचा माणूस मूळचा तोंडावर बोलणाराच आहे, फक्त साहेबासमोर गेला की मऊ होतो. ते लोक तुमच्या कामातली चूक चार लोकांत सरळ सांगतात आणि नंतर कॅन्टीनला तुमच्याच शेजारी बसून जेवतात, मनात धरत नाहीत. तुम्हीपण धरू नका.

आजारपण

पगार सुरू झाला की हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा, सरकारी पद्धतीचा असेल तर निम्मा हप्ता कंपनी भरते आणि कमाई नसलेली बायको किंवा नवरा आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. गेल्या गेल्या, तब्येत ठणठणीत असतानाच, घराजवळचा एक फॅमिली डॉक्टर गाठून नाव नोंदवा. ताप आल्यावर शोधायला लागलात तर "नवीन पेशंट घेत नाही" हे वाक्य दहा ठिकाणी ऐकाल. रात्री-रविवारी दवाखाने बंद असताना ११६११७ ला फोन करायचा. जीवावरचं असेल तर ११२. आणि तिकडचा डॉक्टर सर्दी-तापाला इंजेक्शन देत नाही, सलाईन तर नाहीच नाही. चहा प्या, झोपा, तीन दिवसांनी या. ऑफिसला मात्र पहिल्याच दिवशी सकाळी कळवायचं आणि आजारी असताना काम करायचं नाही, केलं तर कौतुक होत नाही उलट रागावतात.

नोव्हेंबर

ह्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. डिसेंबरात सकाळी आठ वाजून गेल्यावर उजाडतं आणि साडेचारला अंधार. ऑफिसला अंधारात जायचं, अंधारात यायचं. पहिल्या थंडीत मी शनिवार-रविवार दोन-दोन दिवस कुणाशीही एक शब्द बोललेलो नसायचो, दुकानातल्या बाईला डांके म्हणलं तेवढंच. रंकाळ्यावर संध्याकाळी फेरी मारली तर पाच ओळखीचे भेटतात हो, आणि तिथं तळ्याकाठी मीच आणि बदकं.

मराठी मंडळं आहेत, गणपती होतो, दिवाळी होते, जावा. पण वर्षातनं चार कार्यक्रमांवर थंडी निघत नाही. तिकडं दोस्ती फेराइनमध्ये होते, म्हणजे क्लब. गाणं, बागकाम, फुटबॉल, बुद्धिबळ, कशाचाही क्लब असतो आणि दर आठवड्याला ठरलेल्या वारी तीच तीच माणसं भेटतात. मी लहानपणी दोन वर्षं तालमीत गेलो होतो, मल्ल वगैरे काही झालो नाही, पण त्या भागात कुस्तीचे क्लब बरेच आहेत हे कळलं म्हणून एका मंगळवारी जाऊन दारात उभा राहिलो. लाल मातीच्या जागी मॅट, लंगोटाच्या जागी चड्डी-बनियन एकत्र शिवलेला तो सिंगलेट, पण घामाचा वास तोच. मी म्हणलं मी अशा गावचा आहे जिथं कुस्तीसाठी एक अख्खं मैदान बांधलंय. १९०२ ला शाहू महाराज युरोपात आले होते, इंग्लंडच्या सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी, तेव्हा रोमचं कलोझियम पाहून त्यांना ह्या खासबाग मैदानाची कल्पना सुचली असं आमच्याकडं सांगतात, हे सगळं मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, फोटो दाखवले. कोच म्हणाला मंगळवारी ये, शुक्रवारीपण ये. पहिल्या थंडीनंतर मी जे टिकलो ते ह्या मंगळवार-शुक्रवारमुळं. तुमचं काय असेल ते शोधा, फक्त "थंडी गेल्यावर बघू" म्हणू नका, थंडीसाठीच ते आहे.

मागं राहिलेलं कोल्हापूर

पैशाचं आधी. तुम्ही एनआरआय झालात की साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवता येत नाही, बँकेला सांगून ते एनआरओ, म्हणजे एनआरआयचं इथल्या पैशासाठीचं खातं, करायचं. तिकडनं पाठवलेल्या पैशासाठी एनआरई, त्याच्या व्याजावर इथं टॅक्स नाही. पीपीएफ नवीन काढता येत नाही, जुनं मुदतीपर्यंत चालतं. इथला मोबाईल नंबर जिवंत ठेवा, सगळे ओटीपी त्याच्यावर येतात आणि ९० दिवस वापर नसला तर नंबर बंद पडू शकतो.

शेतीवाल्यांनी नीट वाचा. एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलेलं राहतं, पण बांधाला लागून असलेलं अर्धा एकर ऊस-रान विकायला निघालं आणि तुम्ही तिकडनं घेतो म्हणालात तर ते होत नाही. पाच वर्षांनी जर्मन नागरिकत्व मागता येतं, पण भारत दोन नागरिकत्वं मान्य करत नाही, आपला पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांचं) घ्यावं लागतं, आणि ओसीआयवाल्यालाही शेतजमीन घ्यायची बंदीच आहे. कुणाला काय महत्त्वाचं ते ज्याचं त्यानं बघावं. वडलांना किंवा भावाला कामासाठी मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर शक्यतो जायच्या आधी इथंच करून जा. तिकडं केलं तर भारतीय कॉन्सुलेटमध्ये जायला लागतं आणि तो कागद इथं आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्युटी भरून घ्यावा लागतो.

घड्याळ: थंडीत साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. घरच्या फोनची वेळ ठरवून टाका, आमची रविवारी आपली दुपारी दोनची होती. रोज व्हिडिओ कॉल करणारे तीन महिन्यांत कंटाळतात आणि मग अपराधी वाटून घेतात.

२०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून वर चाललेलं, हायवे बंद, आणि मी ऑफिसात कॉम्प्युटरवर एका बाजूला ड्रॉइंग आणि दुसऱ्या बाजूला फुटा-इंचांचा आकडा. घरचा फोन लागेना, लाइट गेलेली, बॅटऱ्या संपलेल्या. माझ्याकडं नंबर कुणाचे, तर सगळे नातेवाइकांचे, आणि सगळे त्याच पाण्यात. त्या रात्री लक्षात आलं की समोरच्या गल्लीतल्या किराणावाल्याचा नंबर माझ्याकडं नाही, तालमीतल्या पोरांपैकी एकाचाही नाही. दोन दिवसांनी कळलं की तालमीच्या पोरांनीच आई-बाबांना बोटीतनं काढलेलं. २०२१ ला परत पूर आला तेव्हा माझ्याकडं यादी होती: दुकानदार, रिक्षावाले मामा, फॅमिली डॉक्टर, दोन पोरं, वरच्या भागात राहणारा एक मित्र. पहिला फोन चौथ्या मिनिटाला लागला. जायच्या आधी गल्लीत एक फेरी मारून हे नंबर घ्या आणि घरच्यांनाही ठाऊक असू दे की हे नंबर तुमच्याकडं आहेत.

आणि हे लिहायचं की नाही म्हणून दोनदा खोडलं, पण लिहितो. घरी कोणी गेलं तर काय करायचं हे आधी बोलून ठेवा. माझी आजी २०२२ ला गेली. फोन आल्यापासून तिकीट, फ्रँकफर्ट, मुंबई, तिथनं गाडीनं कोल्हापूर, मी पोचलो तो रक्षाविसर्जनाला. थांबू नका असं मीच सांगितलं होतं, वर्षभर आधी, सगळ्यांसमोर, आजीसमोरसुद्धा. ती म्हणाली होती "बरं झालं बोललास, उगं बर्फावर ठेवू नका मला". तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवा, त्याला हात लावायचा नाही, पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्डची मुदत कायम बघत राहा.

त्याच वर्षी मी फ्लॉरेन्सला जाऊन आलो. तिथं आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते, त्या संगमावर आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे स्मारक, आहे. युरोप बघून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला ते तिथं वारले, पोरसवदा वय, विशीतलं. तिथं तेव्हा दहनाची पद्धत नव्हती, बरोबरच्या लोकांनी खास परवानगी काढून नदीकाठी अग्नी दिला. छत्रीचं डिझाइन चार्ल्स मँटचं, त्यानंच पुढं आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचंही केलं. शेजारच्या मोठ्या पुलाला इटालियन लोक "भारतीय माणसाचा पूल" म्हणतात. मी तिथं बराच वेळ बसलो. सायकलवरनं जाणाऱ्या एकानं विचारलं कोण हे. म्हणलं आमच्या गावचे.

परत येताना

परत यायचं ठरलं की घरमालकाला तीन महिने आधी लेखी नोटीस, सहीचा कागद पोस्टानं पाठवायचा, मेलवर भिस्त ठेवू नका. भिंती पांढऱ्या करून द्यायच्या का ते करारात बघा. नगरपालिकेत जाऊन नाव कमी करायचं, आब्मेल्डुंग, तो कागद मिळाला की इन्शुरन्स, इंटरनेट, टीव्हीची फी सगळं त्याच्यावर बंद करता येतं. पेन्शनचा जो नंबर मिळालेला असतो तो फेकू नका, भारत आणि जर्मनीचा सोशल सिक्युरिटीचा करार २०१७ पासून लागू आहे. बँकेचं खातं डिपॉझिट परत मिळेपर्यंत चालू ठेवा, ते यायला सहा-सहा महिने लागतात.

लेटरबॉक्सवरची नावाची पट्टी मी काढायची विसरलो. दोन महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या आजींचा मेसेज आला, फोटोसकट, की नवीन भाडेकरूची पत्रं परत जातायत, तुझी पट्टी काढू का. म्हणलं काढा की. तर त्यांनी ती काढली आणि पाकिटात घालून कोल्हापूरला पाठवली. पत्त्यात पिन कोड चुकलेला होता. आमचे पोस्टमन काका बरोबर घेऊन आले.